पायमशीनवर मोठी गोधडी: पहिल्यांदाच शिवणाऱ्यांसाठी

हाताने गोधडी घालणाऱ्या बाया विदर्भातल्या प्रत्येक गावात आहेत. मशीनवर ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश शिवणाऱ्याही आता घरोघरी आहेत. पण डबल बाजेवर पुरेल एवढी ठिगळांची गोधडी घरच्या काळ्या पायमशीनवर पूर्ण करायची म्हटलं की दोघीही मागे सरतात. एवढा पसारा त्या लहानशा मशीनमध्ये मावणार कसा, हा प्रश्न खराच आहे. तो पसारा मावतो. त्यासाठी मशीन बदलावं लागत नाही. काम करायचा क्रम मात्र बदलावा लागतो, आणि टीप मारण्याआधीच्या तयारीला टिपेपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. मोठी गोधडी जमली की बिघडली, हे बहुतेक वेळा ती अंथरून कच्चे टाके घालतानाच ठरलेलं असतं.

काम उन्हाळ्यात धरा. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापूस वेचणी आणि तुरीची कामं असतात, पावसाळ्यात कपडा सर्द राहतो. फाल्गुन-चैत्रात वावर मोकळं असतं, धुतलेलं लुगडं तासाभरात वाळतं, आणि मोठं अंथरूण दोन दिवस घरात पसरून ठेवलं तरी चालतं. पुढच्या पूस-माघाच्या थंडीसाठी गोधडी तयार राहते.

कपडा कोणता घ्यायचा

सुती, फक्त सुती. आजकाल जुन्या साड्यांच्या गाठोड्यात निम्म्याहून जास्त साड्या पॉलिस्टरच्या निघतात. त्या मशीनखाली घसरतात, आणि अंगावर घेतल्यावर घाम शोषत नाहीत. ओळखायला कडेचा एक धागा काढून चुलीजवळ जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची भुरभुरीत राख होते. पॉलिस्टरचा धागा वितळून आक्रसतो आणि टोकाला कडक गोळी राहते. अशी साडी बाजूला ठेवा. सुती आणि पॉलिस्टर एकाच गोधडीत मिसळू नका. एक आटतं, दुसरं आटत नाही, आणि पहिल्या धुण्यातच गोधडी चुणते.

प्रत्येक साडी उजेडासमोर धरून बघा. जिथं विरळ दिसतं तिथं दोन्ही अंगठ्यांनी आडवं ताणा. फाटली तर तो भाग मधल्या थराला जाईल, टिकली तर वरच्या ठिगळांना. मांडीवर आणि मागच्या बाजूला साडी सगळ्यात आधी विरते, पदर आणि निऱ्यांचा भाग बराच काळ शाबूत राहतो. काठ कापून वेगळे ठेवा, शेवटी गोट, म्हणजे कडेची पट्टी, लावायला ते उत्तम. जुनं पुरत नसेल तर आठवडी बाजारातलं साधं सुती कापड चालतं. नागपूरच्या गांधीबागेत किंवा इतवारीत मापाचे तुकडे स्वस्त मिळतात. वर्ध्याकडची खादी तर धुवून धुवून मऊच होत जाते.

नवा कपडा रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच कापा. लाल, गडद निळा आणि काळा कपडा वेगळा भिजवा. पाणी रंगीत होत असेल तर होईनासं होईपर्यंत धुवत राहा. जुन्या मऊ लुगड्याला कापण्याआधी भाताच्या पेजेची पातळ खळ द्या आणि इस्त्री करा. कपडा थोडा ताठ झाला की चौकोन सरळ कापले जातात आणि मशीनखाली पळत नाहीत. गोधडी पूर्ण झाल्यावर ही खळ धुवून काढायची हे लक्षात ठेवा, नाहीतर तिला कसर लागते.

घरचा कापूस घालायचा मोह होईल. आपल्याकडे तो असतोच. पण मशीनच्या गोधडीत मोकळा कापूस घालू नका. सरकी काढून, पिंजून घेतला तरी दूरदूरच्या टिपांमध्ये तो धरून राहत नाही, धुतल्यावर गोळे होऊन कोपऱ्यात जमतो. शिवाय त्याच्या जाडीमुळे गोधडी मशीनच्या हाताखालून जातच नाही. कापूस गादीला आणि उशीला ठेवा. ऊब जास्त हवी असेल तर मधल्या थरात जुनी सोलापुरी चादर घाला.

माप

पहिल्यांदा ७ फूट बाय ८ फूट धरा, म्हणजे ८४ बाय ९६ इंच. १२ इंचाचे चौकोन घेतले तर रुंदीत ७, लांबीत ८, एकूण ५६. शिवणीसाठी चारही बाजूंनी अर्धा इंच लागतो, म्हणून प्रत्येक चौकोन १३ इंचाचा कापायचा. पुठ्ठ्याचा १३ इंची साचा करा आणि सगळे चौकोन त्याच एका साच्यावरून कापा. कापलेल्या चौकोनावर दुसरा चौकोन ठेवून कापत गेलात तर दर वेळी केसभर फरक पडतो, आणि पन्नासाव्या चौकोनापर्यंत तो अर्ध्या इंचावर जातो. ४४-४५ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) साडीत आडवे तीन चौकोन बसतात. चार-पाच साड्यांचे चांगले भाग मिळाले की वरचा थर पूर्ण होतो आणि रंगही फिरवता येतात.

अस्तराचा हिशेब तर छानच जुळतो. साडेपाच मीटरची साडी म्हणजे सुमारे २१६ इंच. तिचे १०४ इंचाचे दोन पट्टे कापून लांबीत जोडले की सुमारे ८९ बाय १०४ इंचाचं अस्तर होतं. रुंदीत दोन्हीकडे दोन-अडीच इंच आणि लांबीत चार-चार इंच जास्तीचं उरतं. हे जास्तीचं हवंच, कारण शिवताना कपडा आत ओढला जातो. तुमच्या साडीचा पन्हा कमी भरत असेल तर कडेला एक पट्टी जोडून घ्या. नऊवारी लुगडं असेल तर त्यातून तीन पट्टे निघतात.

मधले थर दोन पुरेत. म्हणजे वरचा एक, मधले दोन आणि अस्तर, मिळून चार. हाताच्या गोधडीत सात-आठ थर सहज घालतात, मशीनवर तो हट्ट धरू नका. चार थर म्हटले तरी जोडावर तिथल्या शिवणी मिळून सुईला सहा-सात थर लागतात. मधल्या थराचे पट्टे जोडताना एकावर एक अर्धा इंच चढवून सपाट टीप मारा. त्यांचे जोड अस्तराच्या जोडावर येऊ देऊ नका, एका थराचा डावीकडे घ्या, दुसऱ्याचा उजवीकडे.

ठिगळं जोडणं

आधी ५६ चौकोन जमिनीवर मांडून दोन दिवस तसेच राहू द्या, जाता-येता बघा. कुठं दोन सारखे रंग शेजारी आले, कुठं एकाच कोपऱ्यात गडद रंग जमले, ते उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही. मन भरलं की मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा.

आता उभ्या पट्ट्या शिवा. एका पट्टीत आठ चौकोन, अशा सात पट्ट्या. पहिल्या पट्टीतल्या आडव्या शिवणी वरच्या बाजूला दाबून इस्त्री करा, दुसऱ्या पट्टीतल्या खालच्या बाजूला, तिसरीतल्या पुन्हा वर. पट्ट्या शेजारी ठेवल्या की शिवणी एकमेकींत अडकून बसतात, चौकोनांचे कोपरे जुळतात आणि चार शिवणींची जाडी एकाच जागी साचत नाही. मग सातही पट्ट्या एकमेकींना जोडा. या लांब उभ्या शिवणी मात्र सगळ्या एकाच बाजूला दाबा. पुढे मुख्य टिपा याच शिवणींच्या कडेने जाणार आहेत. शिवण सगळीकडे एकाच बाजूला असली तर टीप सरळ जाते.

अंथरणं आणि कच्चे टाके

इथं घाई करू नका. सारवलेल्या अंगणात अंथरू नका, माती आणि गवताची काडी आत जाते. घरातली फरशी झाडून-पुसून घ्या, नाहीतर खाली ताडपत्री घाला. पंखा बंद.

अस्तर उलटी बाजू वर करून पसरा. चारही कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, भरलेला डबा असं काही जड ठेवा. कपडा सपाट झाला पाहिजे, पण ताणलेला नको. ताणलेलं अस्तर सोडल्यावर मागे आक्रसतं आणि वरच्या ठिगळांवर फुगवटे येतात. त्यावर मधले थर एकेक करून घाला. प्रत्येक थर मधून कडेकडे हाताने सारवत न्या. सगळ्यात वर ठिगळांचा थर, सुलटी बाजू वर. त्याचा मध्य आणि अस्तराचा मध्य एकावर एक आला पाहिजे. अस्तर चारी बाजूंनी बाहेर दिसतंय ना, बघून घ्या.

मोठ्या सुईत वेगळ्या रंगाचा दोरा ओवा. मध्यावरून सुरुवात करून आधी एका कडेपर्यंत, पुन्हा मध्यावरून दुसऱ्या कडेपर्यंत दोन-अडीच इंची लांब कच्चे टाके घाला. मग आडवे तसेच. दोन ओळींत सहा इंचांपेक्षा जास्त अंतर नको, म्हणजे उघडा तळहात ठेवला तर तो कुठल्या ना कुठल्या टाक्यावर पडलाच पाहिजे. लांब उभ्या शिवणींवर टाके घालू नका, थोडे बाजूला घ्या, नाहीतर पक्की टीप त्यावरून जाते आणि कच्चा दोरा निघता निघत नाही. सेफ्टी पिना वापरायच्या असतील तर त्याही चालतात, वीतभर अंतरावर लावा. पण एवढ्या पिना घरात क्वचितच असतात, आणि दोऱ्याने गोधडी मऊ राहते, गुंडाळताना टोचत नाही. माझा कौल दोऱ्याला.

या कामाला दोघी लागतात. जावा असतील, शेजारीण असेल, तिला आधीच सांगून ठेवा. एकटीने केलं तर सारखं गोधडीवर चढावं लागतं आणि खालचा थर सरकतो. टाके पूर्ण झाले की गोधडी उलटी करून अस्तर तपासा. कुठं घडी दिसली तर तेवढे टाके काढून पुन्हा घाला. आता पाच मिनिटं लागतील. टीप मारल्यावर तेच उसवायला अर्धा दिवस जातो.

मशीनची तयारी

काळं पायमशीन या कामाला फार चांगलं आहे. ते जड आणि ताकदीचं असतं, वीज गेली तरी चालतं आणि पायाच्या तालावर हळू चालवता येतं. मोटर बसवलेली असेल तर वेग कमी ठेवा.

सुईखालची पट्टी काढून दात्यांमध्ये अडकलेलं सूत आणि धूळ ब्रशने साफ करा. मशीनचंच तेल घाला. स्वयंपाकाचं तेल चिकट होऊन बसतं, ते कधीही घालू नका. पट्टा ढिला असेल तर जाड जोडावर चाक अडतं, म्हणून तो थोडा कापून आवळून घ्या. सुई नवी, १६ नंबरची लावा. मधे चादर असेल तर १८ नंबरची. जुन्या सुईची सपाट बाजू ज्या दिशेला होती त्याच दिशेला नवीची ठेवा. दोरा वर-खाली एकच, मजबूत. तीन-चार बॉबिनं आधीच भरून ठेवा.

टाका लांब करा, इंचाला सात-आठ. ब्लाऊजची बारीक टीप इथं नको, ती कपडा कापते आणि उसवायला त्रास देते. सुईजवळ कपडा दाबून धरणाऱ्या फुटावरचा दाब वरच्या स्क्रूने एक-दोन फेरे सैल करा. हे महत्त्वाचं आहे. दाते फक्त खालचा थर पुढे ढकलतात आणि वरून फूट वरचा थर मागे धरून ठेवतं. दाब जास्त असेल तर खालचा कपडा लवकर जातो, वरचा मागे साचतो आणि शेवटी चुणी पडते. वॉकिंग फूट नावाचा जोडफूट मिळतो, तो वरचा थरही खालच्याबरोबर चालवतो. पुढेही गोधड्या करायच्या असतील तर तो घ्या, पण पहिली गोधडी त्याच्यावाचून होते.

उरलेल्या तुकड्यांचे तेच चार थर घेऊन फूटभराचा नमुना करा आणि त्यावर टीप मारा. खालच्या बाजूला वरच्या दोऱ्याची वेटोळी दिसली तर वरच्या दोऱ्याचं टेन्शन (ताण) आवळा. वरच्या बाजूला बॉबिनचा दोरा ठिपक्यासारखा ओढला गेला तर सैल करा. दोन्ही बाजूंनी टीप सारखी दिसेपर्यंत मोठ्या गोधडीला हात लावू नका.

टीप

हाताच्या गोधडीत आपण कडेपासून सुरू करून फिरत फिरत मध्याकडे येतो. मशीनवर नेमकं उलटं करायचं. मशीन कपडा ढकलतं, आणि ढकललेला जास्तीचा कपडा बाहेर जायला वाट हवी. म्हणून मध्यापासून कडेकडे.

मशीनच्या डाव्या बाजूला आणि मागे तेवढ्याच उंचीचा आधार ठेवा. टेबल, मोठी पेटी, विटांवर उचललेली बाज, काहीही. हातमशीन जमिनीवर असेल तर भोवती पाट मांडा. गोधडीचं वजन खाली लोंबलं तर ते सुईला ओढतं, सुई वाकते, पट्टीवर आदळून मोडते. टाके लहान-मोठे पडतात तेही याच ओढीमुळे. सुई मोडली की सगळे तुकडे शोधून काढा, एकही गोधडीत राहता कामा नये.

गोधडीची उजवी बाजू लांबीत गुंडाळून आत, मशीनच्या हाताखाली घाला. सुईपासून खांबापर्यंत जागा सहा-सात इंचांचीच असते, पण सुती थरांची गुंडाळी त्यात नीट बसते. सात पट्ट्यांमध्ये सहा लांब शिवणी आहेत. मधल्या पट्टीच्या उजवीकडची शिवण पहिली. शिवण दाबून ज्या बाजूला वळवली आहे तिच्या उलट बाजूला, खोलगट कडेला अगदी लागून वरून खालपर्यंत टीप मारा. मग तिच्या उजवीकडची, मग त्याच्याही पुढची. प्रत्येक टिपेबरोबर हाताखालची गुंडाळी लहान होत जाते. तिन्ही झाल्या की गोधडी पूर्ण फिरवा, म्हणजे उरलेला अर्धा भाग उजवीकडे येतो. तिकडच्या तीन शिवणी तशाच, मध्यापासून बाहेर.

आता प्रत्येक पट्टीत चार-चार इंचांवर आणखी दोन टिपा, सात पट्ट्यांच्या चौदा. याही मधल्या पट्टीपासून. खडूने आणि लांब पट्टीने रेघ मारा. पेन वापरू नका, त्याची शाई जात नाही. एकूण वीस टिपा होतात, एवढ्यात गोधडी घट्ट धरली जाते. आडव्या टिपा पहिल्या गोधडीला नकोत. उभ्या टिपेला आडवी टीप जिथं छेदते तिथंच चुणी पडते, आणि श्रम दुप्पट होतात.

दोन्ही तळहात सुईच्या डाव्या-उजव्या बाजूला सपाट ठेवून कपडा फक्त दिशेला धरा, पुढे ओढू नका. हात घसरत असतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे बारीक कडे कापून दोन-दोन बोटांत घाला, पकड चांगली येते. दर फूटभराने थांबा, सुई कपड्यातच खाली ठेवा, गुंडाळी सारखी करा, मग पुढे. थांबताना सुई वर राहिली तर टीप तिथं हमखास वाकडी होते. दुसरी बाई मागून सरकत जाणारा भाग उचलून घेत असेल तर काम फार सुखाचं होतं.

टिपा कडेपासून कडेपर्यंत जात असल्यामुळे टोकाला गाठ लागत नाही, गोट त्यांना धरतो. बॉबिन मधेच संपलं तर दोन्ही दोरे लांब ठेवून कापा, वरचा दोरा अस्तराच्या बाजूला ओढून गाठ मारा आणि सुईने शेपट्या थरांच्या आत लपवा. टाके सुटायला लागले तर आधी सुई बदला, बहुतेक वेळा तेवढंच कारण असतं. फुटापुढे वरचा कपडा साचताना दिसला तर टीप तशीच रेटू नका. थांबा, फूट उचला, कपडा पुन्हा बसू द्या, लागल्यास आणखी कच्चे टाके घाला.

रोज चार-पाच टिपांवर थांबा. मान आणि खांदे भरून येतात, आणि थकल्यावर टीप वाकडी जाते.

गोट

कच्चे टाके काढा, गोधडी सपाट अंथरा. दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर गोधडी काटकोनात आहे. फरक असेल तर कोपऱ्यापासून एका कडेवर ३ फूट, दुसऱ्या कडेवर ४ फूट मोजा. त्या दोन खुणांमधलं अंतर ५ फूट भरलं की कोपरा बरोबर. त्याप्रमाणे रेघ मारून बाहेर आलेलं अस्तर आणि मधले थर कापून टाका.

गोटाला ३ इंच रुंद पट्टी लागते. घेर ३६० इंच, जोड आणि कोपरे धरून ३८० इंच घ्या. ४४ इंची नऊ पट्ट्या जोडल्या की पुरतं. साडीचे काठ वापरलेत तर गोट जास्त टिकतो, कारण कडेला विणच घट्ट असते. पट्टी लांबीत दुमडून दीड इंचाची करा. तिची उघडी कड गोधडीच्या कडेला लावून ठिगळांच्या बाजूने अर्ध्या इंचावर टीप मारा. कोपऱ्याच्या अर्धा इंच अलीकडे थांबा, दोरा कापा, पट्टी तिरकी वर दुमडा, परत सरळ खाली आणा आणि नव्या कडेपासून सुरू करा. मग पट्टी मागे वळवून हाताने तुरपाई करा. मशीननेही होतं, पण मागची कड हाताने जास्त नीट बसते, आणि इथं घाईचं काही कारण उरलेलं नसतं.

शेवटी गोधडी साध्या पाण्यात भिजवून, हलक्या साबणाने धुवून खळ काढा. ओली गोधडी फार जड होते. एका दोरीवर टाकली तर मधे ताणून लांबते, म्हणून बाजेवर किंवा दोन-तीन दोऱ्यांवर पसरून, अस्तराची बाजू उन्हाकडे करून वाळवा. वाळल्यावर एकदा सगळ्या टिपांवरून बोट फिरवा. एखादा टाका सुटलेला सापडला तर त्याच दिवशी हाताने घालून घ्या. कडुलिंबाचा वाळला पाला घडीत ठेवून पेटीत टाका.